सात नंबरची चिप

"विसपुतेबाई, सात नंबरची चिप तुमच्याकडे तार जोडायला आली होती. तेव्हा काही वेगळं घडलं होतं का?"

खांबेटे सरांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी होते. चिमटा हातातच राहिला होता.

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे काहीही. हात लागला, खाली पडली, वीज गेली. आठवून सांगा."

"नाही सर," मी म्हणाले. "नेहमीसारखंच."

टेबलाच्या कडेला बसलेल्या सरांच्या विद्यार्थ्यानं, सौमित्र आगाशेनं, ते वहीत लिहून घेतलं. नेहमीसारखंच, आणि पुढे तारीख. खिडकीशी रोशनी वळवी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं तशी तिनं मान वळवून खालच्या पार्किंगमध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"झालं तर मग," सर म्हणाले. "सोमवारी कमिटी बसेल. रोशनी, तोवर एक तरी चिप चालवून दाखव. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

तो गुरुवार होता. याला आता नऊ वर्षं झाली. मी सरांना जे सांगितलं ते खोटं होतं, आणि मला ते बोलताना माहीत होतं.

मी कोण, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. मी धुळ्याच्या सोनाराची मुलगी. शिक्षण बारावी, तेही कसंबसं. लग्न करून पुण्याला आले आणि या संस्थेत प्रयोगशाळेची मदतनीस म्हणून लागले. मदतनीस म्हणजे काचेची भांडी धुणं आणि रजिस्टरं शोधून देणं. एकदा तिथं नवीन मशीन आलं. चिपला सोन्याची तार जोडायचं मशीन. तार केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. कंपनीचा इंजिनिअर दिवसभर ती तार तोडत होता आणि घामानं भिजत होता. मी चहा ठेवायला गेले होते. म्हटलं, "साहेब, तुम्ही श्वास सोडताना ओढताय. श्वास धरून ओढा." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि उठून खुर्ची दिली. गंमत म्हणून दिली असेल. पण मी वडिलांच्या दुकानात आठव्या वर्षापासून तारेची कामं केलेली. चौथ्या तारेला जमलं. मग मशीनचं पुस्तक घरी नेलं आणि डिक्शनरी घेऊन सहा महिने वाचलं. तेव्हापासून तारेचं काम माझं. कॉन्ट्रॅक्ट मात्र तेच, अकरा महिन्यांचं. बाराव्या महिन्यात देवाला नारळ आणि ऑफिसला अर्ज.

आता चिपबद्दल. मला जेवढं कळलं तेवढंच सांगते. साध्या कॉम्प्युटरमध्ये विचार करायची जागा वेगळी आणि लक्षात ठेवायची जागा वेगळी, आणि या दोघांत सारख्या येरझाऱ्या. त्यात वीज खर्च होते. आपल्या मेंदूत तसं नसतं. जिथं विचार तिथंच आठवण. सरांच्या गटाला तसं यंत्र बनवायचं होतं, चुंबकाच्या अतिसूक्ष्म पट्ट्यांचं. एका चिपवर अशा चौसष्ट पट्ट्या. डोळ्यांना दिसत नाहीत, भिंगातूनही धड नाही.

ते मला रोशनीनं समजावलं होतं. ती नंदुरबारकडची, धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिच्या घराण्यातली पहिली बी.एस्सी., पहिली एम.एस्सी., आणि आता पीएच.डी.चं पाचवं वर्ष. दुपारी डबा घेऊन माझ्या खोलीत यायची, कारण वरच्या कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसायचं नाही आणि माझ्या खोलीत टेबलच एक होतं.

"मावशी, पट्टी म्हणजे शेत समजा," ती म्हणाली होती. "अर्ध्या शेतातलं चुंबक वर तोंड करून, अर्ध्यातलं खाली तोंड करून. मध्ये बांध. विजेचा धक्का दिला की बांध सरकतो. जेवढा सरकला तेवढं ती पट्टी शिकली."

"बांध सरकतो? मग भाऊबंदकी आलीच."

"तेच तर! चौसष्ट शेतं, चौसष्ट भांडणं. आणि त्या भांडणांतून ती तुमचा आवाज ओळखणार."

खरोखरच आवाज ओळखायचा होता. आम्हा सगळ्यांना माईकसमोर बसवून एक ते पाच आकडे म्हणून घेतले होते. माझा "चार" ऐकून सौमित्र म्हणाला, "काकू, हे चार आहे की हाक मारताय कुणाला?" रोशनी म्हणाली, "तुमच्या पुणेरी चारपेक्षा चिपला तोच लवकर कळेल बघा." पण चिपला काहीच कळत नव्हतं. एक ते सहा नंबरच्या चिपा फुकट गेल्या. सात नंबर डिसेंबरच्या सुरुवातीला माझ्याकडे आली, एक तार सुटली होती म्हणून. मी जोडून दिली. दुसऱ्या दिवशी तिनं शंभरातले त्र्याण्णव आकडे ओळखले.

त्या दिवशी रोशनी धावत खाली आली. ओरडली नाही, नुसतीच माझ्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. मग घरून आलेले मोहाचे लाडू वाटले. सरांनी दोन खाल्ले. सौमित्रनं वास घेऊन विचारलं, "चढत नाहीत ना?" ती म्हणाली, "तुम्हाला चढणार नाहीत. तुम्ही आधीच वर आहात."

सरांनी लगेच परिषदेत तो निकाल सांगितला. विजेचा धक्का देण्याची रोशनीची नवीन पद्धत, तिच्यामुळे बांध बरोबर मध्ये बसतो, असं. दुसऱ्या एका गावातल्या प्रयोगशाळेनं चिप तपासायला मागितली. पाठवली. तिथं कुणीतरी अंगात नायलॉनचा स्वेटर घालून ती हाताळली आणि स्वेटरच्या ठिणगीनं चिप जळून परत आली. तेव्हा कुणाला विशेष काही वाटलं नाही, कारण आठ, नऊ, दहा, अकरा तयार होत होत्या.

आठ शिकली नाही. नऊ नाही. दहा आणि अकराही नाहीत. रोशनीनं तोच धक्का दिला, तितकाच, त्याच वेळेनं. बांध जागचा हलेना.

"प्रत्येक शेतात बांध एकदम टोकाला जाऊन बसलाय, मावशी," जानेवारीत ती डबा न उघडता म्हणाली. "सगळं शेत एकाच भावानं घेतलंय. आता भांडायला दुसरा उरलाच नाही, तर शिकणार काय? सातमध्ये तो मध्ये होता. का होता, तेच कळत नाही."

त्या क्षणी मला कळलं, का होता ते.  मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "जेव आधी."

नंतर बोलणी सुरू झाली. आधी हळू. सौमित्र एकदा माझ्या खोलीच्या दाराशी उभं राहून फोनवर कुणाला तरी म्हणाला, "सवलत अ‍ॅडमिशनला असते रे. रीडिंगला नसते." मी मशीनमध्ये तार ओवत होते. मी तार ओवत राहिले. नंतर कुणाच्याही नावाशिवाय डीनना पत्र गेलं की सात नंबरचे आकडे मशीनमधून आलेले नसून हातानं लिहिलेले आहेत. मग कमिटी. मग तो गुरुवार, आणि माझं ते "नेहमीसारखंच".

काय झालं होतं, ते असं.

सोनाराच्या दुकानात कानस मारली की सोन्याचा किस पडतो. तो गोळा करून परत वितळवायचा. पण त्यात कानशीचं लोखंडही आलेलं असतं. ते तसंच वितळलं तर सोनं ठिसूळ होतं, ठोकताना फुटतं. म्हणून वितळवण्याआधी किसावरून चुंबक फिरवायचा. उभा नाही धरायचा, उभा धरला तर सोनंही उडतं. तिरपा धरून, उजवीकडून आपल्याकडे, एका श्वासात ओढायचा. आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही हे येतं. वडिलांचा चुंबक मी पुण्याला आणला होता. त्यांची वस्तू म्हणून आणला, पण माझ्या खणात तो नुसता पडून नसायचा. चिमट्यांचीही पूड पडतेच की. चिपा डबीत बंद असल्या की मी टेबलावरून तो फिरवायचे.

माझ्या खोलीच्या दारावर पाटी आहे. "आत चुंबक आणू नये." मराठीतली ती पाटी झाडूवाल्या बायकांसाठी मीच लिहिली आहे.

सात नंबरची तार जोडून झाली आणि भिंगातून पाहिलं, तर चिपच्या कडेला पोलादाचा एक बारीक कण. मी काही ठरवलं नाही. हात खणात गेला, चुंबक निघाला, तिरपा फिरला, कण उचलला, हात परत आला. मग मला दिसलं की चिप उघडी आहे. मी चुंबक फडक्यात गुंडाळला, खण लावला आणि वहीत लिहिलं, "एक तार जोडली." दुसऱ्या दिवशी लाडू मिळाले. देव पावला, असं मी स्वतःला सांगितलं. देवाच्या नावावर किती काय काय खपवतो आपण.

गुरुवारी संध्याकाळी घरी सांगितलं. आमचे हे पोस्टातले, सगळ्या गोष्टी तोलून बघायची सवय.

"तुला विचारलं तेव्हा नाही म्हणालीस?"

"हो."

"लेखी?"

"त्या आगाश्यानं लिहून घेतलं."

"मग आता सांगितलंस तर दोन गुन्हे होतील. चुंबकाचा एक आणि लपवल्याचा एक. मार्चमध्ये तुझा अर्ज आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "त्या मुलीचं काय होईल?"

"पाच वर्षं जातील. वर खोटी म्हणून नाव होईल."

त्यांनी परात ओढली. भाजी निवडायला बसले. भाजी निवडायचं काम त्यांनी त्याआधी कधी केलेलं मला आठवत नाही.

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी सगळे गेल्यावर मी वर गेले. रोशनी एकटी होती, कॉम्प्युटरसमोर पत्र लिहीत.

"काय करतेस?"

"सात नंबरचा निकाल मागे घेते, असं लिहितेय. सोमवारी देऊन टाकते."

"खोटा होता म्हणून?"

"पुन्हा येत नाही म्हणून. वाचणारे खोटाच वाचतील, ते वेगळं."

"आणि मग?"

"मग शहाद्याला कॉलेजात तासिकेवर घेतात का बघते. गावात सांगेन, पुण्याचं पाणी मानवलं नाही."

मी फडकं टेबलावर ठेवलं आणि उघडलं. वाटत होतं, ती विचारेल हे काय, मग मी सांगेन. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे. तिनं चुंबकाकडे बघितलं आणि पत्रातला एक शब्द खोडून दुसरा लिहिला.

"रोशनी, मी सात नंबरवरून हा..."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"त्या दिवशी चिप न्यायला मी आले तेव्हा खण नीट लागला नव्हता. फडक्याचं टोक बाहेर होतं. तुम्ही ते आत ढकललंत." तिनं आपला खण ओढला. त्यात एका मोडक्या स्पीकरचा गोल चुंबक होता आणि बाजूला जुन्या, फेकून दिलेल्या चिपा, सहा-सात. "जानेवारीत डोक्यात आलं. या सगळ्यांवर करून बघितलं. काही होत नाही. म्हणून वाटलं, चुंबकाचं काही नसेल."

"तू कसा धरलास?"

"कसा म्हणजे? असा." तिनं चुंबक चिपवर सरळ उभा आणला.

"अगं, असा धरला तर सोनं उडतं."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. मी तिला किसाचं सांगितलं, तिरपा हात सांगितला. सांगतासांगता मला रडू आलं आणि मी म्हणाले, "इतके दिवस गप्प बसलीस. सरांना नाही तर नाही, मला तरी विचारायचंस. का नाही विचारलंस?"

"आधी चिप," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. कपाटातून तिनं बारा नंबर काढली. "ही शेवटची आहे. फिरवा."

मी चुंबक हातात घेतला. पहिल्यांदाच सुरी हातात घेतलेला माणूस ती जशी धरतो, तसा मी तो धरला होता. चाळीस वर्षं केलेली गोष्ट, पण कुणी बघतंय आणि आपल्याला ती नीट करायची आहे म्हटल्यावर हाताला काही आठवेना. फिरवला. रोशनीनं चिप यंत्रात बसवली, बघितलं. चौसष्टही बांध टोकाला.

"तुम्ही विचार करताय," ती म्हणाली.

"मग काय करू?"

"हिचीच एक तार चिमट्यानं काढून परत जोडा. मशीनवर. जसं रोज करता तसं."

खाली गेलो. चुंबक खणात ठेवून मी खुर्चीवर बसले, भिंगाला डोळे लावले. तार काढली, नवी ओढली, श्वास धरला, जोडली. रोशनीनं कधी बोटाच्या टोकावरून पोलादाची चिमूटभर पूड चिपच्या कडेला सांडली ते मला कळलंच नाही. मला फक्त भिंगाच्या कडेला घाण दिसली, मला राग आला, आणि माझा हात खणातून चुंबक काढून फिरलाही.

"बस," ती म्हणाली. "हलू नका. कोन मोजू दे."

तिनं कोनमापक लावून माझ्या मनगटाचा कोन मोजला, जसा शिंपी माप घेतो. मग चिप वर नेली. चौसष्टपैकी एकोणसाठ बांध मध्ये होते. संध्याकाळी पाचपर्यंत तिनं आकडे शिकवले. माझ्याच आवाजातले दोन, तीन, पाच यंत्रातून येत होते आणि पडद्यावर दोन, तीन, पाच उमटत होते. मला हसावं की काय ते कळेना. रोशनी हसली नाही. तिनं पत्र पुसून टाकलं, कोन वहीत लिहिला आणि म्हणाली, "कमिटीसमोर असं सांगू शकते मी, की तिरपं चुंबक लावायचं मला सुचलं. तुमचं नाव यायची गरज नाही."

"आणि गुरुवारी मी जे बोलले ते?"

"कोण विचारतंय?"

मला मोह पडला नाही असं नाही. पायऱ्या उतरेपर्यंत पडलेला होता. शेवटच्या पायरीवरून परत वर गेले आणि म्हणाले, "तसं केलंस तर ही चिपही खोटीच झाली. सोमवारी मी येते."

कमिटीनं बोलावलेल्यांत माझं नाव नव्हतं. शिपाई म्हणाला, "मावशी, तुम्हाला कुठं बोलावलंय?" मी म्हटलं, "बोलावलं नाही म्हणूनच आलेय." आत पाच माणसं होती. मी चुंबकाचं सांगितलं, आणि सरांना नाही म्हणाले तेही सांगितलं. डीन म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःहून सांगताय, याची नोंद घेऊ." घेतली. मार्चमध्ये माझा अर्ज नामंजूर झाला. पावसाळ्यात परत बोलावलं, कारण तीन माणसं बदलूनही तारा तुटतच होत्या. रोशनीला पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. सरांच्या पेपरात "तिरपं क्षेत्र" म्हणून एक ओळ आहे, मी ती बोटानं शोधून वाचली. सौमित्र परदेशी आहे. दिवाळीला मला मेसेज करतो, त्यात काकू लिहितो.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी आम्ही बाहेर आलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. रोशनी पुढे चालत होती. शनिवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. जिन्याच्या वळणावर ती थांबली, कठड्याला टेकली.

"तुम्ही विचारलं होतंत ना, तुम्हाला का नाही विचारलं."

"हो."

"रोज सकाळी वाटायचं, आज मावशी सांगतील. डबा घेऊन खाली यायचे ते त्यासाठीच यायचे." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तर? सरांना म्हणालात तसं? मग मी कुठं बसून जेवले असते?"

  कँटीनच्या भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "चला," आणि मी तिच्यामागून उतरले.